समर्थनगरची छोटी आर्ट गॅलरी : जायचं तर कार्यक्रमाच्या दिवशी जा

आधी निकाल सांगते मग बाकीचं. नुसती भिंतीवरची चित्रं बघायला गेलात तर ही गॅलरी ठीक आहे, कधी एकदम भारी कधी जेमतेम. पण त्यांचा काही कार्यक्रम असेल त्या दिवशी गेलात तर असं काही मला संभाजीनगरात, खरं तर अख्ख्या मराठवाड्यात दुसरीकडं कुठं बघायला मिळालेलं नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहायलेय.

मी जालन्याला शाळेत चित्रकला शिकवते. आमच्याकडची पोरं एलिमेंटरी देतात, इंटरमिजिएट देतात, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून आईबाप पण फी भरतात, आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर. कारण त्यापुढं चित्र म्हणजे काय हे बघायला जागाच नाही. आजचे चित्रकार काय करायलेत ते बघायचं तर देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठा, जहांगीर आर्ट गॅलरीत जा (१९५२ पासून सगळी चित्रकार मंडळी तिथंच नंबर लावून बसलेली), नाहीतर पुण्याला जा. आणि हे सगळं कुठं, तर अजिंठा ज्या मराठवाड्यात आहे तिथं. मला याचा खरंच त्रास होतो.

तर ही गॅलरी. जुन्या बंगल्याचा तळमजला, दोन खोल्या आणि एक बंदिस्त व्हरांडा, संपलं. तिकीट नाही. दारात एक मामा बसलेले असतात, ते वहीत नाव लिहायला लावतात आणि "चपला राहू द्या, या आत" म्हणतात. हे शेवटचं वाक्य लई महत्त्वाचं आहे बरं का, कारण आपल्याकडं माणूस अशा पांढऱ्या खोलीच्या उंबऱ्यावरच बिचकतो, आपण इथं यायचं का नाही हेच त्याला कळत नाही.

मी बघितलेल्यात सगळ्यात जोरदार प्रदर्शन ऊसतोडीवरचं. चित्रकार मुलगा बीड जिल्ह्यातला, आईवडील स्वतः कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. कोळशानं काढलेली मोठी मोठी चित्रं होती, मोळी डोक्यावर घेतलेल्या बाया, बैलगाडीखाली झोपलेलं लेकरू. पण खरी गोष्ट मधल्या खोलीत होती. तिथं त्यानं अख्खी कोपी, म्हणजे ऊसतोडीवर राहायची झोपडी, उभी केलेली, खरीखुरी, बांबूच्या कामट्या आणि पाचट म्हणजे उसाचा वाळला पाला, खाली पण पाचट अंथरलेलं, पाय ठेवला की चरचर आवाज यायचा आणि वास असा की डोळे मिटले तर फडातच उभे आहोत वाटावं.

आणि हे प्रदर्शन त्यांनी मुद्दाम मे महिन्यात ठेवलं. कारण गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, मग मार्च-एप्रिलपर्यंत ही सगळी माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर. ज्यांच्यावर चित्रं काढली तीच माणसं गावात नसताना प्रदर्शन लावून काय फायदा, असं तो मुलगा म्हणाला आणि गॅलरीवाल्यांनी ते ऐकलं. थंडीत शहरातली गर्दी जास्त मिळाली असती, ती सोडली. एका रविवारी गाडी करून त्याच्या गावाकडच्या बाया-माणसांना आणलं. मी त्या दिवशी नेमकी होते तिथं.

पाच-सहा बाया कोपीभोवती फिरल्या, हात लावून बघितलं, एकमेकींकडं बघून हसल्या. मग एक मावशी त्याला म्हणाल्या, "आरं, दार इकडं कशाला ठेवलंस? वारं कुठून येतंय ते बघून दार ठेवावं लागतंय, नायतर चुलीचा धूर समदा आत." तो म्हणाला मावशी भिंतीमुळं तिकडं जागा नव्हती. त्यावर दुसरी म्हणाली की मग हे बांधलंस पण ढिलं, एका रात्रीत उडून जाईल. आणि पदर खोचून त्या चालूच झाल्या की! गाठी सोडल्या, पाचटाच्या पेंढ्या परत लावल्या, दार फिरवलं, तासा-दीड तासात कोपी वेगळीच झाली. तो मुलगा त्यांच्या हाताखाली कामट्या धरून उभा. बघायला आलेले आम्ही सगळे गप्प बसून बघत होतो आणि नंतर प्रश्न विचारायला लागलो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात म्हणजे नेमकं कसं, उचल म्हणजे आगाऊ पैसे कोण घेतं, फिटली नाही तर पुढच्या वर्षी काय होतं. त्या बायांनी सगळं सांगितलं, अगदी आकड्यासकट. प्रदर्शन संपेपर्यंत कोपी तशीच ठेवली आणि शेजारच्या पाटीवर चित्रकाराच्या नावाखाली त्या बायांची पण नावं लिहिली. हे मला फार आवडलं. ज्याचं काम त्याचं नाव, एवढं साधं आहे पण कुणी करत नाही.

दुसरा कार्यक्रम अजिंठ्याचा, दोन भागांत होता. संध्याकाळी एका निवृत्त कला प्राध्यापकांनी पडद्यावर चित्रं दाखवून अजिंठ्याच्या नकलांची गोष्ट सांगितली. मूळ चित्रांची नाही, नकलांची. १८१९ मध्ये इंग्रजांना लेणी दिसली हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुढचं मी वर्गात कधी सांगितलेलं नव्हतं आणि आता दरवर्षी सांगते. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ पासून लेण्यांत बसून मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत राहिला, त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जेजे कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून तेरा वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन परत तेच काम करायला आले, त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे आपले चित्रकार होते, तर त्यातल्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेल्या. तिसऱ्यांदा १९०९ ते ११ मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्या, तेव्हा बंगालमधून नंदलाल बोस आलेले आणि हैदराबाद संस्थानानं पण आपले चित्रकार पाठवलेले. लोक एवढे गुंतले की प्रश्नोत्तरं आटपेचनात. मागच्या रांगेतले एक गृहस्थ अजिंठा गावचे निघाले, ते उठून म्हणाले की गिलची पारो, म्हणजे त्याच्यासोबत राहणारी इथलीच बाई, आमच्या गावात पुरलेली आहे, कबरीवर १८५६ साल लिहिलंय, इथल्या किती जणांनी बघितलीय? फार थोडे हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग बनवायचं वर्कशॉप. मी माझी आठवी-नववीची पोरं घेऊन गेले होते. गेरू, रामरज म्हणजे पिवळी माती, चुना, काजळी, हिरवी माती, म्हणजे अजिंठ्यात आहेत तेच रंग. निळा सोडून, कारण तो लाजवर्दी दगडाचा आणि तो अफगाणिस्तानातून यायचा, परवडणारा नाही. हिरव्या मातीबद्दल सांगितलं की ती आपल्याच काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडते, तर पोरं एकदम ताठ बसली. मग प्रत्यक्ष काम. गेरूचा खडा खलात कुटायचा, पाण्यात ढवळायचा, क्षणभर थांबायचं म्हणजे वाळू आणि जाडसर भाग खाली बसतो, आणि वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. असं दोन-तीनदा. ते निवळलं की तळाला जो गाळ राहतो तो खरा रंग, बोटाला लावला तर लोण्यासारखा मऊ. त्यात बाभळीचा डिंक. बाभळीला काय आपल्याकडं तोटा नाही, एका पोरानं तर शेताच्या बांधावरून खडेच आणलेले. डिंक कमी पडला की वाळल्यावर रंग भुकटी होऊन हाताला येतो, जास्त झाला की चकाकतो आणि तडकतो. काजळीनं सगळ्यांना छळलं, ती पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगत राहते, तिला आधी घट्ट डिंकात घोटून घोटून वश करावं लागतं. शेवटी माती, भाताचं तूस आणि वरून चुन्याचा पातळ हात मारलेल्या वाळक्या पाट्यांवर पोरांनी चित्रं काढली. ओल्या गिलाव्यावर नाही, वाळलेल्यावर, अजिंठ्यात तसंच आहे, हे पण तिथंच नीट समजावलं. नंतर शाळेच्या सहलीला लेण्यांत गेलो तर हीच पोरं भिंतीपाशी थांबून पोपडा कुठं निघालाय, खालचा मातीचा थर कुठं दिसतोय ते एकमेकांना दाखवत होती. पूर्वी नुसते सेल्फी काढून पुढं पळायची.

सतरा सप्टेंबरचा कार्यक्रम पण सांगायलाच पाहिजे. मुक्तिसंग्राम दिन म्हणलं की झेंडावंदन आणि भाषणं. यांनी लोकांना घरातले १९४८ च्या आगेमागचे फोटो, कागद, वस्तू घेऊन यायला सांगितलं. व्हरांड्यात टेबलं मांडली, एक मुलगी लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन बसलेली, वस्तू लगेच परत मालकाच्या हातात, फक्त स्कॅन ठेवायचा, तो पण परवानगी असेल तरच. हाली सिक्क्याची म्हणजे निजामाच्या चलनाची नाणी आली, रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलेल्यांचे फोटो आले. एका पोरानं निजामाच्या काळातला जमिनीचा कागद आणला, सगळा उर्दूत, घरात कुणालाच वाचता येईना. तिथं नव्वदीतले एक आजोबा होते, त्यांची शाळा उर्दू माध्यमात झालेली, त्यांनी भिंग घेऊन ओळ न् ओळ वाचून दाखवला, शिवार, शेजारी, चतुःसीमा. त्या पोराचं नाव पाटील आणि आजोबांचं आडनाव कुलकर्णी, आणि शेजारी बसलेले खान चाचा मधेमधे शब्द दुरुस्त करायलेले. आमच्या मराठवाड्याची गोष्ट भाषणात सांगतात त्यापेक्षा त्या टेबलावर जास्त होती. त्याच स्कॅनवरून पुढं दोन तरुण मुलींनी छापचित्रं केली, ती व्हरांड्यात लावलेली.

आता नुसत्या प्रदर्शनांबद्दल. निवड सारखी नसते. काही वेळा कॉलेजच्या सबमिशनसारखं काम लावतात, अमूर्ताच्या नावाखाली नुसते रोलर फिरवलेले कॅनव्हास, तिथं मी दहा मिनिटांत बाहेर येते. छापचित्रांची बाजू मात्र पक्की आहे. लिनोकट, वुडकट असतात, आणि खाली पेन्सिलीनं ४/२० वगैरे का लिहिलेलं असतं, म्हणजे वीस प्रतींतली ही चौथी आणि प्रत्येक प्रत चित्रकारानं स्वतः छापलेली मूळ चित्रच असते, हे मामासुद्धा समजावून सांगतात. दोन-अडीच हजारापासून मिळतात. किमतीचा कागद दाराजवळच लावलेला असतो, कुणाच्या कानात जाऊन विचारावं लागत नाही. मी एक घेतलंय, बारवेच्या पायऱ्यांचं.

तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर पण सांगितल्यात. पहिली, पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं आणि त्याच भिंतीवर जलरंग लावतात! कागदावरच्या कामाला संग्रहालयांत पन्नास लक्सच्या (उजेड मोजायचं माप) वर उजेड देत नाहीत, आणि उडालेला रंग काही केल्या परत येत नाही. जाड पडदा लावा, खर्च किती येणार. दुसरी, उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लावतात, माणसाला बरं वाटतं पण त्या दमट हवेनं फ्रेममधले कागद फुगून लाटा येतात. निदान कूलरचं तोंड तरी चित्रांकडं नको. तिसरी, चित्रांच्या पाट्या छान मराठीत असतात पण प्रदर्शनाचं मोठं निवेदन नेहमी इंग्रजीत, आणि ते पण असं जड की इंग्रजीच्या मॅडमनी पण सोडून द्यावं. ऊसतोडीच्या प्रदर्शनात तरी ते मराठीत हवंच होतं. चौथी, दाराला चार उंच पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, सतरा सप्टेंबरला त्या आजोबांना दोघांनी उचलून आणलं. ज्यांचे कार्यक्रम म्हाताऱ्या माणसांशिवाय होऊच शकत नाहीत त्यांनी रॅम्प सगळ्यात आधी करायला पाहिजे. आणि कोपीच्या वेळी पाचट आणि स्पॉटलाइट एकाच खोलीत होते, आग विझवायचा सिलिंडर मी विचारल्यावर दुसऱ्या खोलीतून आणून ठेवला. तो कायम तिथंच असू द्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सोमवारी बंद, बाकी दिवस अकरा ते सात, पण दुपारी दोन ते चार मामा जेवायला जातात तेव्हा बेल वाजवावी लागते. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही, निराला बाजारला गाडी लावून चालत या. कार्यक्रमाचा निरोप त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो, तो पण दोन-तीन दिवस आधी, बाहेरगावच्यांना फारच कमी वेळ मिळतो, तेव्हा वहीत नावासोबत नंबर लिहून या. शाळेची पोरं आणणार असाल तर आधी फोन करा, एका वेळी वीसच्या वर घेत नाहीत आणि ते बरोबर आहे. वर्कशॉपला पोरांकडून फक्त साहित्याचे पैसे घेतात, आणि ज्याच्याकडं नाहीत त्याच्याकडून तेही घेत नाहीत. पाचपैकी चार स्टार, रॅम्प आणि पडदा झाला की पाचवा देते.