दात्रीचं बीज की सरोगसी? आधी जन्मतारखा काढा

गेल्या वर्षी एक जोडपं ऑफिसात आलं, सोबत नवऱ्याची बहीण. "मॅडम, वहिनीचं बाळ मी वाढवते पोटात. तुम्ही फक्त कागद करून द्या." मी तिचं आधार कार्ड मागितलं. वय 37. विषय तिथेच अडला. भ्रूण गर्भाशयात सोडतात त्या दिवशी सरोगेट, म्हणजे दुसऱ्यांचं मूल पोटात वाढवणारी बाई, 25 ते 35 वर्षांची हवी, तिचं लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं, आणि हे काम तिला आयुष्यात एकदाच करता येतं.

वहिनी 44 वर्षांची. बीजं संपत आलेली, पण गर्भपिशवी ठणठणीत. मग सरोगसी कशाला? "ओळखीत एकीने केली होती," एवढंच उत्तर.

जानेवारी 2022 पासून या दोन वाटांना दोन वेगळे कायदे आहेत. बीज दुसरीचं, म्हणजे दात्रीचं, आणि गर्भ स्वतःच्या पोटात, तर एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा. पोटच दुसरीचं, तर सरोगसी कायदा. पहिल्यात बाई 21 च्या पुढे आणि 50 च्या आत, पुरुष 21 च्या पुढे आणि 55 च्या आत. अविवाहित बाईलाही ही वाट मोकळी. घरात एक मूल असलं तरी आडकाठी नाही. क्लिनिक नोंदणीकृत आहे ना, हे बघायचं आणि संमतीपत्रं वाचून सह्या करायच्या. दात्रीचा बाळावर कसलाही हक्क उरत नाही. कायद्याच्या नजरेत ते तुमचंच जैविक मूल, वारसाहक्कासकट. बाळंतपण तुमचंच, त्यामुळे जन्मदाखल्यासाठी कोर्टाची पायरी चढायची नाही.

एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. दात्री 23 ते 35 वयाची असते, आयुष्यात एकदाच बीजं देते, आणि तीही जास्तीत जास्त सात. पुढे दुसरं मूल त्याच दात्रीच्या बीजाचं हवं असेल तर ती पुन्हा येणार नाही. उरलेली भ्रूणं आत्ताच गोठवून ठेवायची. ती 10 वर्षांपर्यंत ठेवता येतात. हा प्रश्न पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

सरोगसीचं प्रकरण जाडजूड. गर्भपिशवी नाही किंवा सदोष आहे, आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणं) वारंवार फसलं, गर्भ पुन्हा पुन्हा पडला, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार आहे, अशी कारणं लागतात. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, बाळाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा मॅजिस्ट्रेटचा आदेश, सरोगेटचा 36 महिन्यांचा विमा, आणि वर पात्रतेचं प्रमाणपत्र. बायको 23 ते 50, नवरा 26 ते 55, आणि वय मोजतात ते प्रमाणपत्राच्या दिवशी. म्हणजे फाइल टेबलावर पडून राहिली तरी घड्याळ तुमचंच पळतं. आधीचं मूल असेल तर दार बंद. ते अपंग असेल किंवा त्याला जीवघेणा आजार असेल तरच सूट. लिव्ह-इनवाल्यांना नाही. एकट्या बाईला ती विधवा किंवा घटस्फोटित असेल तरच, तेही 35 ते 45 मध्ये.

सरोगसीत बीज दुसऱ्याचं चालेल का? 2023 मध्ये ते बंद केलं होतं. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने मंडळाच्या दाखल्यावर परवानगी मिळाली, पण नवरा-बायकोपैकी एकाचं तरी बीज, म्हणजे तिचं स्त्रीबीज किंवा त्याचे शुक्राणू, हवंच. दोघांचंही चालत नसेल तर सरोगसी नाही. एआरटीत ती अट नाही.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते, कारण दलाल अजून फिरतात. सरोगेटला औषधपाण्याचा खर्च आणि विमा द्यायचा, मोबदला नाही. पैसे देऊन सरोगसी करू पाहणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि भ्रूण सोडण्याआधी तिला माघार घेता येते, हे धरून चाला.

माझं मत विचाराल तर गर्भपिशवी चांगली असताना सरोगसीच्या फंदात पडू नये. रजेतही फरक पडतो: खासगी नोकरीत पहिल्या बाळंतपणाला 26 आठवडे, सरोगसीने आई झालेल्या बाईला 12.

ते जोडपं शेवटी दात्रीच्या बीजाकडे वळलं. जाताना नणंद जरा हिरमुसली होती. "मग माझं काय काम?" वहिनी म्हणाली, "डोहाळजेवण कोण करणार?"