रुळाचा तुकडा, ब्रेक ड्रम आणि हेअर ड्रायर : भंगारातून उभ्या केलेल्या भट्टीचं परीक्षण

लोहारकाम छंद म्हणून शिकावंसं वाटलं की पहिली धास्ती सामानाची बसते. ऐरण जड आणि महाग, भट्टी कुठून आणायची, भाता कोण ओढणार. माझ्याकडे जो संच आहे, त्यातली हातोडा सोडला तर एकही वस्तू लोहारासाठी म्हणून बनलेली नाही. तरी त्याच संचावर मी हुक, खुंट्या, छिन्न्या, भोक पाडायचे पंच आणि माझ्या स्वतःच्या सांडशी घडवल्या आहेत. या सगळ्या वस्तू रोजच्या वापरात कशा ठरल्या, ते इथे लिहिते. माझं मत आधीच सांगते. आग कशातही पेटते, तिथे पैसे घालू नका. हातोड्याखाली काय आहे आणि वाऱ्यावर तुमचा ताबा किती आहे, या दोन गोष्टींवर सगळं शिकणं उभं राहतं.

ऐरणीला मी पाचपैकी पाच देईन, आणि माझी ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा. तो रीतसर, कागदपत्रांसह विकत घेतलेला असावा, हे वेगळं सांगायला नको. रुळाच्या पोलादात साधारण 0.6 ते 0.8 टक्के कार्बन असतो, त्यामुळे तापलेल्या लोखंडाखाली तो सहजी दबत नाही. बहुतेक लोक हा तुकडा आडवा ठेवतात, वरची बाजू घासून सपाट करतात आणि एका टोकाला शिंग, म्हणजे लोखंड वाकवायचं निमुळतं टोक, काढायच्या मागे लागतात. दिसायला छान दिसतं. पण 60 किलोच्या रुळाचा, म्हणजे मीटरला 60 किलो वजन भरणाऱ्या रुळाचा, मधला उभा पत्रा जेमतेम साडेसोळा मिलिमीटर जाड असतो. तुकडा आडवा ठेवला की घाव त्या पातळ कमरेवर पडतो, कंबर लवते आणि तुमची निम्मी मेहनत ती लवण्यातच जाते.

तोच तुकडा उभा करा. तीस सेंटिमीटर लांबीचं वजन 18 किलो होतं, आणि उभा केला की ते सगळं वजन घावाच्या थेट खाली येतं. वर काम करायला जागा उरते ती रुळाच्या डोक्याची, सुमारे सात सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा जागेवर काय होणार, असं वाटेल. हातोड्याचं तोंडच मुळात तीन-चार सेंटिमीटरचं असतं. एका वेळी त्याहून मोठ्या जागेवर घाव पडतच नाही. शिवाय मधल्या पत्र्याची अरुंद कड वर आल्यामुळे लोखंड लांबवायला आयती धार मिळते. तिच्यावर आडवी पट्टी ठोकली की धातू बाजूला न पसरता लांबीत पळतो. कडा मात्र ग्राइंडरने थोड्या गोल करून घ्याव्यात. तीक्ष्ण कड कामावर चरा पाडते आणि पुढे त्याच चऱ्यातून तडा जातो.

तुकडा लाकडी ओंडक्यात खाच करून घट्ट बसवला आहे. उंची अशी की सरळ उभं राहून हात सैल सोडला की मुठीची हाडं ऐरणीच्या माथ्याला लागावीत. याहून खाली असेल तर पाठ धरते, वर असेल तर खांदा. ही उंची जमवायला एक फळी जास्त-कमी करावी लागली तर करा, आळस करू नका.

ऐरणीच्या आकाराचे ओतीव लोखंडाचे छोटे ठोकळे विकायला असतात, त्यांच्याबद्दलही लिहायला हवं, कारण नवखे लोक शिंग बघून भुलतात. ते घेऊ नका. ओतीव लोखंड ठिसूळ, कडा तुटून उडतात, आणि पृष्ठभागावर हातोडा पडला की तो मेल्यासारखा तिथेच बसतो. पारख सोपी आहे: बेअरिंगची एक पोलादी गोळी वरून सोडा. चांगल्या ऐरणीवर ती जवळजवळ सोडल्या उंचीपर्यंत परत येते. माझ्या रुळावर ती झकास उसळते. ही उसळीच हातोडा परत वर आणून देते, आणि संध्याकाळी हात किती दुखेल हे त्यावरच ठरतं.

आता भट्टी. ब्रेक ड्रमची भट्टी फार लोकप्रिय आहे आणि मीही तिच्यावर भरपूर काम केलं. गाडीचा जुना ड्रम, मधल्या भोकाला खालून नळी, नळीला टी-जोड, राख पडायला खाली उघडझाप करता येईल असं झाकण. रचना चोख आहे, ओतीव लोखंड उष्णता उत्तम सोसतं. फक्त तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो. आणि नळ्या जस्ताचा मुलामा नसलेल्या घ्याव्यात. जस्त 907 अंशांना उकळतं, भट्टीत त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. मुलामा दिलेलं कुठलंही भंगार आगीत घालायचं नाही, हा माझ्याकडचा अपवाद नसलेला नियम आहे.

दगडी कोळसा जाळणाऱ्याला ड्रम चांगला. मी लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा वापरते, आणि त्याच्यासाठी ड्रम फार रुंद पडतो. वारा खालून येतो, आग चहूकडे पसरते, टोपलीभर कोळसा जळतो आणि तापते ती बोटभर सळई. विटा लावून पोकळी अरुंद केली की बरंच सुधारतं. पण इतका खटाटोप करायचाच असेल तर याहून साधी वस्तू याहून चांगली चालते. म्हणून ड्रमला तीन.

ती साधी वस्तू म्हणजे मातीने भरलेलं खोकं. लाकडी फळ्यांची पेटी, आत चिकणमाती आणि वाळू कालवून दाबून भरलेली, मधोमध दोन ओंजळींएवढा खळगा, आणि एका बाजूने मातीतून आत येणारी लोखंडी नळी. नळीचं तोंड खळग्याच्या तळापासून थोडं वर. वारा आडवा येतो, त्यामुळे राख खाली साचली तरी तोंड बुजत नाही. लाकूड जळेल अशी भीती वाटते, पण चारही बाजूंना वीतभर माती असली की फळी नुसती कोमट होते. माती आधी पुरती वाळू द्यावी. ओलीवर जोराची आग केली तर वाफ आतून ढलपे उडवते. वाळताना भेगा पडतात, त्या लिंपायच्या आणि पुढे चालायचं. फुटली, आकार आवडला नाही, तर पाणी घालून पुन्हा घडवायची. या पेटीला मी साडेचार देते, आणि अर्धा केवळ ती हलवायला जड आहे म्हणून कापला.

या भट्टीत आग वाचायला शिकता येतं, हा तिचा मोठा गुण. नळीच्या अगदी तोंडाशी न जळलेली हवा असते. तिथे लोखंड ठेवलं तर त्यावर जाड पापुद्रा धरतो, नाहीतर ते जळतं. त्याच्या थोडं पुढे आणि वर आगीचं खरं काळीज. म्हणून काम वरून खाली खुपसायचं नाही, निखाऱ्यांत आडवं सारायचं, खालीही कोळसा, वरही कोळसा. साधं, कमी कार्बनचं लोखंड पिवळं झालं की काढायचं आणि नारिंगी उतरून लाल पडू लागलं की परत आत. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर ते टोक जळालं, कापून टाका.

वाऱ्यासाठी सगळे हेअर ड्रायर सुचवतात. वारा भरपूर मिळतो, तक्रार तीच आहे. पातळ सळईला त्याच्या निम्माही लागत नाही, आणि तुम्ही ऐरणीवर असताना मागे कोळसा उगाच जळत राहतो. वारा कमी करायला त्याचं तोंड दाबू नये, आतली तार तापून यंत्र बंद पडतं. गरम हवेचं बटण बंद ठेवावं आणि ड्रायर व नळी यांच्यात फट सोडावी. फट कमी-जास्त केली की वारा बदलतो. नळी हातभर लांब हवी, नाहीतर प्लॅस्टिक वितळतं. थांबताना ड्रायर नळीपासून बाजूला काढावा, कारण भट्टीतला विषारी वायू उलटा नळीत शिरतो. त्याच कारणाने भट्टी उघड्यावरच हवी; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मी ड्रायर सोडून गादीत हवा भरायचा दुहेरी पंप घेतला. तो ढकलतानाही वारा देतो आणि ओढतानाही. हात थांबला की वारा थांबतो, कोळसा वाचतो, आणि लोखंड विसरून जळणं जवळजवळ बंद होतं, कारण डोळे सतत आगीवर असतात. शिकणाऱ्याला याहून चांगला शिक्षक नाही. पाच.

हातोडा एक किलोच्या आसपासचा पुरे. माझ्या मनगटाला 800 ग्रॅमचा मानवतो. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा कानशीने गोल केल्याशिवाय वापरू नका, नाहीतर प्रत्येक तिरक्या घावाला चंद्रकोर उमटते. सांडशीची सुरुवातीला गरजच नाही. हातभर लांब सळई घ्या, एक टोक तापवा, दुसरं हातात धरा, काम झालं की छाटून टाका.

डोळ्यांवर बाजू झाकणारा चष्मा, अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट: यात भंगार चालत नाही, नवंच घ्यावं. पाण्याने भिजलेला हातमोजा काढून ठेवा, गरम लोखंड धरलं की त्यातली वाफ हात भाजते.

साहित्याबद्दल थोडं. बांधकामातली सळई हुकांसाठी ठीक, हत्यारांसाठी नाही; तिच्यात कार्बन कमी आणि ती पाणी दिल्याने, म्हणजे तापवून एकदम गार केल्याने, पुरेशी कडक होत नाही. हत्यारासाठी गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद उत्तम, त्यात कार्बन बहुधा 0.6 टक्क्यांच्या जवळपास असतो. जुन्या झिजलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, म्हणून शक्य असेल तर न वापरलेल्या पाट्याचे कापून उरलेले तुकडे शोधा. त्याची छिन्नी घडवली की टोक चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवायचं, सुमारे 770 अंशांना ते होतं, आणि त्याहून थोडं वर नेऊन खाद्यतेलात बुडवायचं. तेलाचा डबा लोखंडी आणि झाकणाचा हवा, भडका उडाला तर झाकण घालता येतं. मग टोक घासून चकचकीत करायचं आणि मागच्या बाजूने हळूहळू ताप द्यायचा. पोलादावर रंग सरकत येतो, आधी फिकट गवती, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. छिन्नीच्या धारेशी जांभळा पोचला की लगेच गार करायची. एवढ्यासाठीसुद्धा हा छंद करावा असं मला मनापासून वाटतं. तो रंग सरकताना बघणं कधी जुनं होत नाही.

पुढे एकच खरेदी सुचवेन, तीही घाई न करता. बाकावर बसवायच्या ओतीव व्हाइसमध्ये काम धरून ठोकू नका, जबडा तुटतो. जमिनीपर्यंत पाय असलेला घडीव व्हाइस मिळतो, त्याचा पाय घाव थेट जमिनीत उतरवतो. जुना, गंजलेला असला तरी चालेल. आटे शाबूत आहेत का आणि जबडे समोरासमोर बसतात का, एवढं बघून घ्या.