टीपी-लिंक आर्चर सी६: जुना राउटर बदलताना

२०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही स्पीड ९४-९५ वरच अडकतो? बहुधा राउटरचे पोर्ट (केबल लावायच्या खाचा) १०० एमबीपीएसचे आहेत. स्वस्तातल्या आर्चर सी२० लाही तेच, म्हणून तो नकोच. सी६ चे पाचही पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे. तरीही ९५ च दिसलं तर केबल बघा: आठ तारांपैकी एक जरी क्लिपमध्ये नीट बसली नसेल तरी जोडणी १०० वर उतरू शकते.

वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) कागदोपत्री ८६७ एमबीपीएस, पण दोन भिंतींपलीकडे हा बँड मान टाकतो, तिथे २.४ गिगाहर्ट्झचाच बरा.

पीपीपीओईचं (राउटरने नेटला लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड इंटरनेट कंपनीकडून आधीच मागून ठेवा. ते टाकूनही नेट आलं नाही, तर जुन्या राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) नव्यात क्लोन, म्हणजे कॉपी, करून पाहा. वायफाय ६ (वायफायची पुढची पिढी) मात्र सी६ मध्ये नाही.