फायरवॉल दुरुस्त करून देणारे

उदगीरला आमच्या दाजींचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाचा हिशोब ते रात्री घरच्या कॉम्प्युटरवर करतात. त्या कॉम्प्युटरची फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारे घुसखोर अडवणारी भिंत, दुरुस्त करून देतो म्हणून कुणीतरी त्यांच्याकडून १४,९९९ रुपये काढले. काही महिन्यांनी तेच पैसे परत करतो म्हणत त्याच टोळीनं दुसरा, मोठा डाव टाकला. पहिल्या वेळी पैसे गेले, दुसऱ्या वेळी अक्कामुळे वाचले. आपल्याकडं दुकानदार आणि रिटायर मास्तर मंडळींच्या घरी असे कॉम्प्युटर भरपूर आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

कृषी कार्यालयाला द्यायचा एक अर्ज मराठीत टाईप करायचा होता, म्हणून दाजी फुकटचा मराठी फॉन्ट शोधत होते. एका साईटवर चार-पाच ठिकाणी ‘डाउनलोड’ लिहिलेलं. त्यातलं एक दाबलं आणि स्क्रीनभर लाल पाटी आली. भोंगा वाजायला लागला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बँकेची माहिती चोरीला चाललीय, मशीन बंद करू नका, खालच्या टोल-फ्री नंबरवर ताबडतोब फोन करा. “मशीन बोंबलायली, माउस हलंना, बंद करावं तर होईना. मग लावला नंबर,” दाजी सांगतात.

तो व्हायरस नव्हताच. ते एक साधं वेबपेज होतं, फुल स्क्रीन केलेलं. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, किंवा ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबलं, की बहुतेक वेळा जातं. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं आणू का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

फोनवर हिंदीत बोलणारा, अतिशय अदबशीर ‘इंजिनिअर’. त्यानं दाजींकडून दुरून स्क्रीन चालवायचं ॲप टाकून घेतलं आणि मग खेळ सुरू केला. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची विंडोजमधली खिडकी उघडून दाखवली. पिवळे त्रिकोण, लाल गोळे, ‘एरर’, ‘वॉर्निंग’, पानंच्या पानं. हे सगळे हॅकर, तुमची फायरवॉल फुटलीय, असं सांगितलं. माणूस तिथंच खचतो, कारण यादी खरी असते आणि आपल्याच मशीनवर असते. पण ती विंडोजची रोजची टिपणवही आहे. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, तरी तिथं नोंद पडते. मी माझ्या धडधाकट मशीनवर तीच खिडकी उघडून दाजींना दाखवली. तिथंही लाल-पिवळ्याचा बाजार भरलेला.

‘लाइफटाइम नेटवर्क सिक्युरिटी’ या नावाखाली युपीआयनं पैसे घेतले. ज्या खात्यात गेले ते एका माणसाच्या नावाचं होतं, कंपनीच्या नव्हे. बदल्यात काय बसवलं? कुणालाही चकटफू मिळणारं एक अँटिव्हायरस. वास्तविक विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही आधीपासून असतात, त्यांना पैसे लागत नाहीत. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून दोन्ही चालू आहेत का ते बघायचं, अपडेट थांबवायचे नाहीत, घरच्या वापराला माझ्या मते तेवढं पुरतं. दुसरं अँटिव्हायरस घ्यायचंच असेल तर खुशाल घ्या, डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. पण दोन-दोन विकतची अँटिव्हायरस एकाच मशीनवर कोंबू नका, आपसात भांडतात आणि मशीन रांगायला लागतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ‘तुमचं विंडोज एक्स्पायर झालं’ असं सांगणारे फोनही आता येणारच.

मशीन तपासताना सगळ्यात वाईट गोष्ट सापडली. दुरून चालवायचं ते ॲप तसंच होतं, आणि त्याला कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला. म्हणजे मशीन चालू असेल तेव्हा त्यांना दार सताड उघडं.

दुसरा फोन आला तेव्हा मात्र मी ते काढलेलं नव्हतं, कारण तोवर दाजींनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. कंपनी बंद होतेय, तुमचे १४,९९९ परत करतो, नेटबँकिंग उघडा. दाजींनी उघडलं. मधेच स्क्रीन थोडा वेळ काळी झाली. परत आली तेव्हा खात्यात १,४९,९९० जास्त दिसत होते. पलीकडचा पोरगा रडायलाच लागला. साहेब, आकडा चुकून मोठा पडला, माझी नोकरी जाईल, वरचे १,३४,९९१ एवढे परत पाठवा.

दाजी पाठवायला निघालेले. भल्या माणसाला दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणं जड जातं, टोळीचा सगळा भरवसा त्यावरच. भाजी निवडत बसलेली अक्का म्हणाली, “एवढे पैसे आले तर मोबाइलवर मेसेज कसा आला नाही?” तिनं बँकेच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला. शिल्लक होती तेवढीच. मी नंतर दाजींना समजावलं, की पैसे आलेलेच नव्हते. दिसणाऱ्या पानावरचा आकडा त्यांनी ब्राउझरमध्येच बदलला होता. पान रिफ्रेश केलं असतं तरी खरा आकडा दिसला असता.

नेटची वायर काढली, ॲप काढलं, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार दिली. पहिल्या रकमेला फार उशीर झाला होता. शिवाय पिन दाजींनी स्वतः टाकलेला, त्यामुळे बँकेनं हात वर केले. त्याच दिवशी १९३० ला फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते.

आता तिसरा प्रकार सुरू झालाय. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फाइल चार्ज भरा.’ १९३० ची तक्रार फुकट असते आणि पैसे परत द्यायला पोलिस फी मागत नाहीत. असे फोन आता दाजी अक्काकडं देतात.