ईमिम-बीएफ४ आणि अ‍ॅसिटोनायट्राइल : काही महिने वापरल्यावर

सुपरकपॅसिटरच्या (इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी भार साठवणाऱ्या साधनाच्या) कामासाठी गेले काही महिने मी ईमिम-बीएफ४ हे आयनिक लिक्विड, म्हणजे नुसत्या आयनांचं (भारित कणांचं) द्रवरूप मीठ, अ‍ॅसिटोनायट्राइल या पातळ द्रावकात मिसळून वापरतेय. इलेक्ट्रोड उसाच्या चिपाडापासून केलेल्या कार्बनचे, कारण कोल्हापुरात चिपाडाला तोटा नाही. सेल टेफ्लॉनचा, उद्यमनगरात लेथवर करून घेतलेला. हे मिश्रण घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी जरूर घ्या म्हणेन. फक्त प्रमाणाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, जीव ते कोरडं ठेवण्यात घाला.

शुद्ध ईमिम-बीएफ४ पाण्याच्या जवळपास ४० पट दाट असतं. पिपेटच्या टोकाला थेंब लोंबत राहतो, सुटता सुटत नाही. त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल सोडून बाटली उजेडासमोर धरली, की पाण्यात खडीसाखर विरघळताना दिसतात तशा रेघा दिसतात आणि हलवलं की जातात. फरक इम्पीडन्सच्या (एसी प्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) आलेखात लगेच कळतो: सुरुवातीचा रोध घटतो, छिद्रांत आयन पोचायला लागणारा वेळ दाखवणारा ४५ अंशांचा तिरका भाग आखूड होतो. व्होल्टेज भराभर फिरवलं तर शुद्ध द्रवाचा सीव्ही (व्होल्टेज वर-खाली फिरवून काढलेला प्रवाहाचा आलेख) पानासारखा तिरका होतो, मिश्रणाचा मात्र चौकोनी राहतो.

मला खरा रस वाटला तो पुढच्या गोष्टीत. निम्मे आयन काढून तिथे भार नसलेले रेणू घातले, तरी संथ चार्जिंगला कपॅसिटन्स (दर व्होल्टमागे साठणारा भार) निम्मा होत नाही. गूय (१९१०) आणि चॅपमन (१९१३) यांनी इलेक्ट्रोडपाशी जमणाऱ्या आयनांचं जे चित्र मांडलं, ते विरळ द्रावणाचं, बिंदूएवढ्या आयनांचं. आयनिक लिक्विडमध्ये आयनच सगळी जागा अडवून बसतात, त्यामुळे तिथे ते चित्र चालत नाही, हे शास्त्रज्ञ कॉर्निशेव्ह यांनी २००७ मध्ये ठामपणे मांडलं. इलेक्ट्रोडवर जेवढा भार असतो, त्याहून जास्त विरुद्ध भार पहिल्याच थरात गोळा होतो. तो जादा भार फेडायला पुढचा थर उलटा लागतो, मग त्यापुढचा. द्रावक घातला की ही थरांची उतरंड मवाळ होते, पण पृष्ठभागाशी लागून जमणारा भार बराचसा टिकतो. आयनाच्या मापाच्या बारीक छिद्रांत तर आयन अंगावरचे द्रावकाचे रेणू सोडूनच शिरतो. १ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत कपॅसिटन्स वाढतो, हे २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. म्हणजे द्रावकाचं मोठं काम आयनला तिथवर लवकर पोचवण्याचं.

पण ज्या वाटेने द्रावक पृष्ठभागाशी जातो, त्याच वाटेने पाणीही जातं. पाण्याचा रेणू लहान, डायपोल (दोन टोकांच्या भारांतला फरक) तगडा, त्यामुळे भारित पृष्ठभागाजवळच्या प्रबळ क्षेत्रात तो ओढला जातो. बाटलीतलं पाणी नगण्य म्हणून निर्धास्त राहू नका, इलेक्ट्रोडपाशी त्याचं प्रमाण वेगळं असतं. आषाढ-श्रावणात, इथला पाऊस उघडायचं नाव घेत नाही तेव्हा, सीव्हीच्या वरच्या टोकाला शेपूट फुटू लागते, म्हणजे पाण्याचं विघटन होऊन जादा प्रवाह दिसतो, आणि ३ व्होल्टपर्यंत जायचा धीर होत नाही. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून २.७ वर थांबलं तरी जवळपास पाचवा हिस्सा जातो. मी आयनिक लिक्विड मिसळण्याआधीच व्हॅक्यूममध्ये तापवून घेते, अ‍ॅसिटोनायट्राइल ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सिव्हवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र खड्यांवर) ठेवते आणि इलेक्ट्रोड १२० अंशांना व्हॅक्यूममध्ये सुकवते. हे शेवटचं कधीही टाळू नका, चिपाडाचा कार्बन ओल धरून ठेवतो. बीएफ४ (या लिक्विडमधला ऋण आयन) आणि पाणी मिळून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो, तेव्हा तापवणं फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात).

दुसरी अडचण गळतीची. अ‍ॅसिटोनायट्राइल ८२ अंशांना उकळतं, सील जरा सैल असलं तरी उडून जातं आणि प्रमाण नकळत बदलतं. प्रयोगाआधी आणि नंतर सेलचं वजन करा. व्हायटन रबराची ओ-रिंग यात फुगते, टेफ्लॉनची घ्या. सेल तापवून चालवायचा असेल तर मात्र हे मिश्रण नकोच. प्रोपिलीन कार्बोनेट हा दुसरा द्रावक संथ आहे, पण २४२ अंशांपर्यंत उकळत नाही.