आधी चाचण्या की आधी बोलणं? वाशी आणि नौपाडा, दोन्ही करून पाहिल्यावर

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. समुपदेशनाला जायचं ठरवलंय, पण एक ठिकाण म्हणतं आधी पूर्ण मानसशास्त्रीय मूल्यमापन करून घ्या, दुसरं म्हणतं आधी येऊन बसा, बोलू, चाचण्यांचं नंतर बघू. कुठे जाऊ? मी ऐरोलीला राहतो. ट्रान्स-हार्बर लोकलवर एका अंगाला ठाणं, दुसऱ्या अंगाला वाशी. दोन्हीकडे पैसे भरून झालेत, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही. मी या विषयातला जाणकार नाही, महापेतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. माझा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

मानसोपचारतज्ज्ञ कोण, मानसशास्त्रज्ञ कोण, गोळ्या कोण लिहून देऊ शकतं, हे इथे सांगत बसत नाही. फक्त एक. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर असली तुलना वाचत बसू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. नाहीतर सरळ डॉक्टर गाठा.

माझं प्रकरण तसं साधं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडला एकटेच राहायचे. एका रात्री पावणेदोनला त्यांचा फोन आला. माझा फोन सायलेंटवर होता. सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, तो मात्र लागला. सहा महिन्यांनी मला ऑफिसात बसल्या बसल्या छातीत धडधडायला लागलं. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल, सगळं झालं. आमचे फॅमिली डॉक्टर स्पष्टवक्ते आहेत. म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. आता मनाचं कुणाला तरी दाखवा."

पहिल्यांदा वाशीला गेलो, कारण तिथे मला कुणी ओळखत नाही. चकचकीत सेंटर, तीन मानसशास्त्रज्ञ, एक-दोन शिकाऊ मुली, रिसेप्शनवर हसतमुख माणूस. पद्धत ठरलेली: आधी फॉर्म, मग पूर्वेतिहास, मग दोन दिवस चाचण्या, मग रिपोर्ट आणि त्यानंतर समुपदेशन. चाचण्यांना मी नावं ठेवणार नाही. व्यक्तिमत्त्व तपासणारी एमएमपीआय-२ नावाची ५६७ विधानांची प्रश्नावली असते, प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक. तीनशेच्या पुढे माणूस खोटं बोलायचाही कंटाळा करतो. कदाचित म्हणूनच ती एवढी लांब असावी. मग रोर्शाकची शाईच्या डागांची दहा कार्डं. १९२१ सालापासून तीच दहा कार्डं जगभर दाखवतात. मला काय दिसलं ते सांगत नाही, उगाच पुढच्याची चाचणी बिघडायला नको.

एका ठिकाणी मात्र अडलो. इतरांना ऐकू येत नाही असं काही तुम्हाला ऐकू येतं का, अशा धर्तीचा एक प्रश्न होता, इंग्रजीत. अण्णा माळकरी. आमच्या घरात 'यंदा विठ्ठलाचं बोलावणं आलं नाही' हे वाक्य 'यंदा पाऊस कमी आहे' इतक्याच सहजपणे म्हटलं जातं. आता याला बरोबर म्हणू की चूक? चूक वर खूण केली आणि देवाशी खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. मुलांच्या बाबतीत आपल्याकडे जुनं काम आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली, आणि ती अजून वापरतात. मोठ्यांच्या वाट्याला मात्र बहुतेकदा भाषांतर येतं, नाहीतर सरळ इंग्रजी.

तरीही रिपोर्ट आला त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपलो, हे कबूल करायला हवं. चौदा पानं. तीव्र नैराश्य नाही, चिंता आहे, अपराधभाव आहे, वास्तवाचं भान शाबूत आहे. खाली सही, सहीखाली आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, नोंदणी क्रमांक. बायकोने दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे वेड नाही लागलेलं." आपल्या त्रासाला नाव मिळालं, कागदावर आलं, कुणीतरी जबाबदारीने सही केली, याचा आधार वाटतो. चाचण्यांना नाक मुरडणाऱ्यांनी हा आधार विसरू नये.

मग वाशी का सोडलं? कारण अगदी क्षुल्लक वाटेल.

तिथे मला अण्णांची ती रात्र चारदा सांगावी लागली. पहिल्यांदा फॉर्मवर, 'समस्येची सुरुवात कधी व कशी झाली' या रकान्यात, अडीच ओळींच्या जागेत. दुसऱ्यांदा शिकाऊ मुलीला. ती बिचारी मनापासून ऐकत होती, लिहिताना तिचं पेन थांबलं, तेव्हा मीच तिला पाणी दिलं. तिसऱ्यांदा चाचण्या घेणाऱ्यांना. त्यांना खरं तर तारखा हव्या होत्या. आणि चौथ्यांदा, रिपोर्ट हातात आल्यावर, ज्यांच्याकडे पुढचे महिने बसायचं होतं त्या समुपदेशकांना. त्यांनी माझी फाइल उघडली, पानं चाळली, बंद केली आणि म्हणाले, "हं, तर पहिल्यापासून सांगा."

पहिल्या दोन वेळा सांगताना घसा भरून आला होता. तिसऱ्या वेळी मी बातमी दिल्यासारखं सांगितलं. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी एक वाक्य गाळलं. फोन सायलेंटवर होता, हेच. "रात्री त्यांचा फोन आला होता, सकाळी कळलं," असं म्हणून मी पुढे गेलो. समोरच्यांनी मान डोलावली. फाइलमध्ये ते वाक्य असणारच, त्यांनी वाचलंही असेल. पण माझ्या बोलण्यातून ते गळलं, हे त्या खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथे तीन सेशन केली. श्वसनाचे व्यायाम चांगले शिकवले, ते आजही करतो. चौथ्या सेशनला ते रजेवर होते, बदली मॅडम होत्या. त्यांनीही फाइल उघडली. मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

हा दोष माणसांचा नव्हता. चाचणी घेणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा, ही रचनाच तशी. मोठ्या सेंटरना असंच चालवावं लागत असेल. दुसऱ्या एखाद्याला याचं काही वाटणारही नाही. माझ्या एका सहकाऱ्याला उलट बरं वाटलं, "चार जणांनी तपासलं" म्हणून.

ठाण्याला जायला मी का कू करत होतो, कारण ठाण्यात कुणीतरी भेटतंच. पण एक आहे, त्या गावाला या गोष्टींची सवय आहे. मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था. आमच्या मामी तिथल्या नौपाड्यात राहतात. 'सेशनला चाललेय' असं त्या 'भाजी आणायला चाललेय' या सुरात म्हणतात. त्यांनीच एका समुपदेशक मॅडमचं नाव दिलं. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीचा दुसरा मजला, एकच खोली. रिसेप्शन नाही. फोन मॅडम स्वतः उचलतात, म्हणजे बहुतेकदा उचलत नाहीत, आणि रात्री नऊनंतर मेसेजला उत्तर देतात. दोन पेशंटांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवतात, त्यामुळे जिन्यात कुणाशी नजरानजर होत नाही.

वाशीचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी घेतला, म्हणाल्या, "ठेवते. वाचीन, पण आज नको." मग थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का, असं विचारलं. ते तोवर कुणीच विचारलं नव्हतं. पहिला तास कराडच्या घराबद्दल बोलण्यात गेला: परसातला आंबा, अण्णांची सायकल, त्यांचा तंबाखू. घरी येऊन बायकोला म्हणालो, गप्पा मारायचे पैसे घेतात. दुसरा तासही असाच. सायलेंटवरच्या फोनची गोष्ट तिसऱ्या वेळी निघाली, आणि ती त्यांनी विचारली म्हणून नाही. मलाच राहवलं नाही. आणि त्यानंतर ती मला पुन्हा कधी पहिल्यापासून सांगावी लागली नाही. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, तासाला जेमतेम चार-पाच शब्द लिहितात. दीड महिन्याने एकदा मी घाईत म्हणालो, "तो कॉल मिस झाला, त्यानंतर..." त्यांनी थांबवलं. "मागे तुम्ही 'मी सायलेंटवर ठेवला होता' असं म्हणाला होता. आज 'मिस झाला' म्हणताय. काय बदललं?"

वाशीत गळलेलं वाक्य इथे पकडलं गेलं.

मॅडम विवेकनिष्ठ पद्धतीच्या, म्हणजे स्वतःवर लादलेले हट्टी विचार तपासून बदलायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत मराठीत कि. मो. फडके यांच्यामुळे इतकी रुजली की तिला आपल्या भाषेत स्वतःची परिभाषाच मिळाली. मला तिची चव एका अक्षरातून मिळाली. मी म्हणालो, "मी फोन उचलायलाच पाहिजे होता." मॅडम म्हणाल्या, "यातला 'च' काढून म्हणून बघा." आधी वाटलं व्याकरणाचा तास चाललाय, थोडा रागही आला. 'उचलायला पाहिजे होता' यात काही खोटं नाही, त्याचं दुःख होणारच, असं त्यांचं म्हणणं होतं. 'च' आला की त्याच वाक्याची शिक्षा होते. आठवडाभर आपल्या बोलण्यातले असे 'च' वहीत टिपायचा गृहपाठ दिला. बायकोने मदत करायची असं ठरलं आणि ती इतक्या उत्साहाने करायला लागली की तिसऱ्या दिवशी वही लपवावी लागली. ५६७ विधानांत बरोबर-चूक करताना हा 'च' कुठे बसला असता, मला माहीत नाही. वाशीच्या रिपोर्टात 'अपराधभाव' हा शब्द होता आणि तो अगदी बरोबर होता. पण तो माझ्या तोंडच्या कुठल्या वाक्यात राहतो, ते इथे सापडलं.

मूल्यमापन मॅडमही करतात. दर महिन्याला नैराश्य मोजणारी बेक यांची २१ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात, मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी नवा लिहितात, आणि आकडा घसरला तरी फार कौतुक करत नाहीत. एकदा तो वाढला. तेव्हा आम्ही तासभर त्याच्यावरच बोललो. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, ते माझ्याही ध्यानात नव्हतं.

नौपाड्यातही सगळं गोड नाही. पुढची दिशा काय, किती सेशन लागतील, विचारलं तर 'बघू' असं उत्तर मिळतं, आणि ज्यांना वेळापत्रक लागतं त्यांची इथे चिडचिड होईल. मॅडम सुट्टीवर गेल्या की सगळं ठप्प. मला एकदा ऑफिससाठी पत्र हवं होतं तर म्हणाल्या, तसलं पत्र मी देत नाही, सोबत एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा पत्ता दिला. खर्चाचं म्हणाल तर वाशीला सुरुवातीलाच मोठी रक्कम जाते, इथे दर आठवड्याला थोडी थोडी. चार महिन्यांनी हिशेब केला, फार फरक नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांसारखेच धरायला सांगितलंय खरं, पण तुमच्या पॉलिसीत ओपीडी नसेल तर या सेशनचे पैसे खिशातूनच जातात. याच कायद्याने आपल्या नोंदी पाहण्याचा हक्कही दिलाय. रिपोर्ट कुठूनही घ्या, तो समजावून मागा.

जिथे कागद लागणार आहे तिथे मी आजही चाचण्यांकडेच पाठवीन. कोर्ट, अपंगत्वाचं काही, मुलाच्या अभ्यासातली अडचण नेमकी कुठे आहे हा प्रश्न. तिथे 'बसून बोलू' करत महिने घालवणं बरं नव्हे. सही करणाऱ्याचं नाव आरसीआयच्या नोंदणीत आहे ना, हे मात्र आधी बघा. आणि दहावीच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर खासगी रिपोर्टवर भागत नाही, ठरावीक सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, हे शाळेकडून आधीच विचारून घ्या.

माझ्यासारखं, 'नक्की काय होतंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी होतंय' असं असेल, तर कदाचित नौपाड्यासारखी एखादी खोली शोधून बघावी. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, चाचणी घेणारी आणि पुढे ऐकणारी व्यक्ती एकच असेल का? नसेल, तर एकमेकांशी बोलतात का? ठाण्यालाच गेलात तर सेशननंतर लगेच गाडी पकडू नका, दहा मिनिटं तलावपाळीवर बसा. मी एकदा थेट नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर गेलो आणि ऐरोलीला उतरायचं विसरून घणसोलीला पोचलो.

परवा ताईचा फोन आला. भाचा सहावीत आहे, वाचताना ओळी गाळतो, शाळेने तपासणी करून घ्यायला सांगितलंय. मी तिला वाशीच्याच सेंटरचा नंबर दिला, मनापासून. एवढंच सांगितलं की त्याची सगळी हकिकत, बालवाडीपासूनची, घरी बसून एका कागदावर नीट लिही आणि जाताना चार झेरॉक्स काढून ने. ती हसली. काल मेसेज आला: "तीन संपल्या."