स्कॉटलंडच्या चर्चमध्ये ११ महिने व्हॉलंटियर म्हणून राहून आलो, त्याचा रिव्ह्यू

आमच्या नागपूरच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, तीन-चार जण विचारून राहिले की जावं का नाही, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मागच्या सप्टेंबरपासून जुलैपर्यंत असे ११ महिने मी स्कॉटलंडमध्ये फाइफ भागात, समुद्राकाठच्या एका छोट्या गावातल्या चर्चमध्ये व्हॉलंटियर होतो. एका ख्रिस्ती संस्थेचा प्रोग्राम आहे, नाव टाकत नाही. राहायला खोली, महिन्याला खर्चापुरता पॉकेट मनी, विमानाचं तिकीट आपलं. पाचपैकी चार स्टार देतो, आणि एक कशाचा कापला ते सांगतो.

आधी कागदपत्रांचं, कारण इथे लोक फसतात. इथल्या एका एजंटने मला सांगितलं होतं की संध्याकाळी हॉटेलात काम कर, तिकिटाचा खर्च सहा महिन्यांत निघतो. साफ चुकीचं. हा चॅरिटी वर्कर व्हिसा असतो, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा, आणि जे काम करायला जातो त्याचा पगार घेता येत नाही. ज्या संस्थेकडे जायचं तिनेच स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, ते नसेल तर अर्जच होत नाही, एजंटने कितीही फाइल रंगवली तरी. सहा महिन्यांच्या वर राहायचं असेल तर टीबीची टेस्ट लागते, मी मुंबईला जाऊन केली. वर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेची फी, वर्षाला १,०३५ पौंड, तो माझा संस्थेने भरला, पण सगळ्याच संस्था भरतील असं नाही, तेव्हा आधी लेखी विचारून घ्या.

मी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचा. ज्यांच्या नावाने कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८१७ ला स्कॉटलंडच्याच डन्स गावात जन्मले, नागपुरात येऊन शाळा काढली, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या नाल्यात बुडून गेले. कॉलेज त्यांच्यानंतर, १८८३ चं. शिवाय आमची सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) म्हणजे उत्तर भारतीय मंडळी जन्मलीच नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, आणि त्यात स्कॉटिश मिशनच्या जुन्या मंडळ्याही आल्या. तर माझ्या मनात असं होतं की मी एका अर्थाने आजोळी चाललो. पहिल्या रविवारी ओळख करून देताना हे सगळं सांगितलं, तर हिस्लॉप कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चारशे माणसं मावतील अशा चर्चमध्ये चाळीस जण, बहुतेक पासष्टीच्या पुढचे. उपासनेचा क्रम मात्र जवळजवळ आपलाच, प्रभुभोजनाचे छोटे पेलेसुद्धा तसेच, आणि ते पेले ट्रेमध्ये फिरायला लागले तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं, डोळे भरून आले.

आता खरी गोष्ट. थंडी, जेवण, अंधार ह्याची तयारी सगळे करून जातात. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य बुडतो आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्याचीही सवय होते. ज्याची तयारी कोणी करून देत नाही ती म्हणजे माणसांकडे जायचं कसं, आणि माझा एक स्टार तिथेच कापला. दोन दिवसांचं ओरिएंटेशन होतं, त्यात आग लागली तर कुठून निघायचं ते कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा इथपर्यंत सगळं सांगितलं, पण हे एक वाक्य कोणी बोललं नाही आणि त्यापायी माझे पहिले तीन महिने फार एकटे गेले.

झालं असं की पहिल्याच रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी ८२ वर्षांच्या एका आजींनी माझा हात धरून म्हटलं, कधीतरी घरी चहाला ये हं. आपण नागपूरच्या मोहननगरात वाढलेली माणसं, आपल्याकडे असं कोणी म्हटलं आणि दोन दिवसांत गेलं नाही तर समोरचा रुसतो. मी सोमवारीच पाच वाजता गेलो, सोबत केळी घेऊन. आजींनी दार उघडलं, अंगावर एप्रन, चेहरा घाबरलेला, पहिला प्रश्न, सगळं ठीक आहे ना, काही झालं का? मी म्हटलं चहाला आलो. त्यांनी आत घेतलं, चहा दिला, बिस्किटं दिली, पण बसल्या त्या खुर्चीच्या काठावर आणि मी वीस मिनिटांत निघालो. रस्त्याने येताना वाटलं की आपण इथे कोणाला नकोच आहोत, मग पुढे आपणहून कोणाकडेच गेलो नाही, आणि रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सगळं मस्त आहे म्हणून सांगत राहिलो.

पुढच्या रविवारी त्याच आजी पर्समधून डायरी घेऊन आल्या. तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार, साडेपाच, चालेल का? मला तर तेव्हा ते डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतल्यासारखं वाटलं. गेलो. टेबलावर इस्त्री केलेला कपडा, भात केलेला, मटार-बटाट्याची भाजी केलेली, कारण भारतातला मुलगा म्हणजे शाकाहारी असेल असं त्यांनी धरलं होतं, आणि डायरी तिथेच उघडी होती, त्या गुरुवारच्या पानावर माझं नाव आणि त्याच्याखाली मटार, तांदूळ, मिरी असं सामान लिहिलेलं. म्हणजे ह्या बाई तीन आठवडे माझी वाट पाहून राहिल्या होत्या. आणि तिकडे संध्याकाळच्या जेवणालाही चहाच म्हणतात, हेही त्या दिवशी कळलं. मी सावजी मटण खाणारा माणूस, पण त्या दिवशी ती भाजी दोनदा मागून घेतली.

तर हे लिहून ठेवा. तिकडे तारीख ठरली की ते आमंत्रण, त्याआधी नाही. पण तारीख दिली की माणूस मोडत नाही, पाऊस असो, गुडघे दुखत असोत. आपल्याकडे येतो येतो म्हणून न येणारे किती आहेत ते आपणच मोजावं.

मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट किराणा, असायची आणि सोबत फुकट सूप आणि पाव. माझी ड्यूटी सूप वाढायची. दुसऱ्याच आठवड्यात एक पन्नाशीचा माणूस आला, मान खाली, हातातली पिशवी घडी घालून घालून बारीक केलेली. मी आपल्या पद्धतीने शेजारी बसलो आणि विचारलं, काय झालं भाऊ, नोकरी गेली का, घरी कोण कोण आहे? मला वाटलं मी माया करून राहिलो. त्याने सूप अर्धं ठेवलं आणि उठून गेला. नंतर तिथल्या बाईंनी मला किचनमध्ये नेऊन अगदी हळू आवाजात समजावलं की इथे फक्त विचारायचं, चहा का कॉफी, साखर किती, आणि मग गप्प उभं राहायचं. मला ते फार लागलं, दोन रात्री झोप नाही. तो माणूस पुढचा आठवडा आलाच नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात आला. मी चहा का कॉफी विचारलं, दोन चमचे साखर घातली आणि उभा राहिलो. असे पाच मंगळवार गेले, सहाव्या मंगळवारी त्याने स्वतःहून सांगितलं की बायको गेली आणि नंतर घरभाडं थकलं. आपल्याकडे न विचारणं म्हणजे पर्वा नसणं, तिकडे न विचारणं म्हणजे मान राखणं.

लहान मुलांच्या बाबतीतही तसंच. तिथे मुलांसोबत काम करायचं तर आधी पीव्हीजी नावाची, गुन्ह्यांचं रेकॉर्ड पाहायची तपासणी होते, ती होईपर्यंत संडे स्कूलमध्ये उभंही राहू देत नाहीत, आणि झाल्यावरसुद्धा एका मुलासोबत एकटं खोलीत थांबायचं नाही, गालगुच्चा घ्यायचा नाही, खिशातून चॉकलेट द्यायचं नाही, आईबापाला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. सुरुवातीला मला अपमान वाटला, आता वाटतं आपल्या मंडळीतही हे नियम आजच लागू करावेत. ह्यात मला कणभरही शंका नाही.

किचनचं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये कायदाच आहे की घरातले सगळे आगीचे अलार्म एकमेकांना जोडलेले पाहिजेत, एक वाजला की सगळे वाजतात. मी सावजी मसाल्याची फोडणी दिली, किचनचं दार उघडं राहिलं, धूर पॅसेजमध्ये गेला आणि पूर्ण घर कोकलायला लागलं, घरातली बाकी दोन व्हॉलंटियर पोरं टॉवेल गुंडाळून बाहेर. तेव्हा दार बंद, पंखा चालू, मगच मिरची तेलात. जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये बर्न्स सपर, म्हणजे त्यांचा कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतलं जेवण, होतं, त्यात हॅगिस वाढतात, बकरीच्या नव्हे मेंढीच्या काळजाचं, फुप्फुसाचं, ओट घालून केलेलं, सगळे माझ्याकडे पाहून राहिले की हा खातो का. वजडी खाऊन मोठा झालेल्या माणसाला काय त्याचं, मिरी जरा कमी होती एवढंच.

नाताळाबद्दल मात्र सविस्तर सांगतोच. आपल्याकडे नाताळ म्हणजे कॅरलवाले रात्री बारापर्यंत गल्लीत, करंज्या-चकल्यांची ताटं ह्या घरून त्या घरी, दार दिवसभर उघडं. मी दोन दिवस राबून साठ करंज्या केल्या. २५ तारखेला सकाळची उपासना झाली, सगळ्यांनी गळ्यात पडून शुभेच्छा दिल्या आणि जो तो आपापल्या घरी, दारं बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी खोलीत करंज्यांचा डबा घेऊन बसलो. नंतर पाळकसाहेबांनी सांगितलं (तिकडे पाळकांनाही नुसत्या नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून ते शेवटपर्यंत निघालं नाही) की स्कॉटलंडच्या मंडळीने धर्मसुधारणेनंतर शेकडो वर्षं नाताळ साजराच केला नाही, बायबलमध्ये तसं सांगितलं नाही म्हणून, आणि २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी तिथे १९५८ पासूनची. आपल्याला सुवार्ता ज्या लोकांनी आणली त्यांच्याच गावात नाताळ आपल्यापेक्षा लहान, हे मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांचा मोठा सण ३१ डिसेंबर, हॉगमने म्हणतात. आणि त्यात एक रीत आहे, रात्री बारानंतर नव्या वर्षात घराचा उंबरठा जो पहिला ओलांडेल तो काळ्या केसांचा पुरुष असावा, हातात कोळशाचा तुकडा, म्हणजे वर्षभर घरात ऊब राहते. का, तर सोनेरी केसांचा माणूस दारात म्हणजे समुद्रावरून आलेला लुटारू, जुन्या काळची भीती, असं सांगतात. ३० तारखेला त्याच ८२ वर्षांच्या आजींचा फोन आला, आमच्या रस्त्यावर सगळ्यांचे केस पांढरे झालेत, तू येशील का? मी बारा वाजता निघालो, खिशात चार कोळसे आणि हातात करंज्यांचा डबा. चार घरं केली. बेल वाजवायची, आत पाय टाकायचा, कोळसा द्यायचा, करंजी द्यायची. दुसऱ्या घरातल्या आजोबांना मी कधी भेटलोही नव्हतो, त्यांनी कोळसा शेगडीत टाकला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. तारीख नाही, डायरी नाही, फोन नाही, रात्रीचा एक वाजलेला आणि बेल वाजवली म्हणून कोणी घाबरलं नाही.

तिथून पुढचे सात महिने पाहता पाहता गेले. मीही एक डायरी घेतली.

जाणाऱ्यांनी सामानात काय न्यावं ते विचारतात म्हणून सांगतो. छोटा कुकर न्या, मसाले न्या, पापड न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत, म्हणजे आपली खव्याची संत्रा बर्फी चालत नाही, एअरपोर्टवर फेकावी लागेल, जीव दुखेल. जॅकेट इथून नेऊ नका, तिकडच्या चर्चच्या चॅरिटी शॉपमध्ये चांगली लोकरी जॅकेटं स्वस्तात मिळतात. मराठी गीतपुस्तक न्याच, मला दोनदा उपासनेत मराठी गीत म्हणायला लावलं आणि शब्द आठवेनात अशी वेळ आली होती. घरून निघताना आईबाबांना सांगून ठेवा की रोज फोन होणार नाही.

आणि येताना मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला संत्र्याचा जॅम, आणा. जानेवारीत तिकडे स्पेनची कडू संत्री येतात, आजींनी मला शेजारी उभं करून शिकवलं, साली हाताने बारीक चिरायच्या, बिया फडक्यात बांधून त्याच पाण्यात उकळायच्या म्हणजे पाक घट्ट होतो, पूर्ण दुपार जाते. त्यांनी बाटलीवर माझं नाव आणि तारीख लिहून दिली. घरी आल्यावर आईने पोळीवर लावून खाल्लं, जरा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणे, आपण संत्र्याची साल फेकून देतो काऊन?